पडलेल्या मुलास उठवण्याची घाई नको
रक्तदाब आणि मज्जासंस्था यांविषयी प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषणाचा मजकूर



स्वातंत्र्यदिनाची सकाळ आहे. पावसाने उघडीप दिली आहे, ऊन चढू लागले आहे आणि हवेत दमटपणा आहे. मुले पहाटेच उठून, धुतलेला गणवेश घालून, बहुतेक उपाशीपोटीच शाळेत आली आहेत. प्रभातफेरी झाली, ध्वज फडकला, राष्ट्रगीत झाले. आता पाहुण्यांची भाषणे चालू आहेत. रांगा ताठ उभ्या आहेत. सहावीच्या रांगेतील एक मुलगी जांभई देते. थोड्या वेळाने पुन्हा देते. तिचा चेहरा फिकट पडल्याचे व कपाळावर घाम आल्याचे शेजारणीच्या लक्षात येते न येते, तोच ती मुलगी मातीवर कोसळते.

पुढे जे घडते ते बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. दोघे तिघे धावतात, बगलेत हात घालून तिला उभी करतात आणि खुर्चीवर बसवतात. कोणी तिच्या तोंडात पाणी ओततो, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो. गर्दीतील एखादी आजीबाई बाहेरच्या वाऱ्याचा संशय बोलून दाखवते. आणि मागे उभा असलेला कोणी तरी ‘सोंग आहे, दुसरे काय!’ असे म्हणून मोकळा होतो.

यांतील बहुतेकांचा हेतू चांगला असतो. परंतु जे केले जाते त्यातील बरेचसे उलटे असते. जमिनीवर आडवी झालेली ती मुलगी बरी होण्याच्या मार्गाला लागलेली असते. तिला उभे करणारे हात तिला त्या मार्गावरून मागे ओढतात. हे असे का, ते समजण्यासाठी शरीरातील एका अतिशय चोख व्यवस्थेची ओळख करून घेतली पाहिजे. मज्जासंस्था क्षणाक्षणाला रक्तदाब कसा सांभाळते, हा आजचा विषय आहे.

रक्ताला दाब कशासाठी लागतो

पाटाचे पाणी उताराने वाहते. त्याला चढावर न्यायचे तर मोट किंवा पंप लागतो. शरीरातील रक्ताचेही तसेच आहे. माणूस उभा असताना त्याचा मेंदू हृदयाच्या वर असतो. तेथपर्यंत रक्त चढवायचे, तर हृदयाने रक्तावर पुरेसा जोर दिला पाहिजे. रोहिण्यांच्या भिंतींवर रक्ताचा जो रेटा पडतो, तोच रक्तदाब.

हा दाब प्रथम मोजून दाखवला तो स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने. त्याने घोडीच्या रोहिणीत नळी बसवून तिला काचेची उभी नळी जोडली, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंच उंच चढले. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने याचे वर्णन केले आहे. माणसाच्या बाबतीत अशी नळी खुपसणे शक्य नव्हते. १८९६ साली इटलीतील रिवा-रोची यांनी दंडाभोवती गुंडाळण्याचा हवेचा पट्टा प्रचारात आणला आणि १९०५ साली रशियातील कोरोटकोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली आवाज ऐकून दाबाचे दोन्ही आकडे ठरवण्याची रीत सांगितली. आरोग्य केंद्रात परिचारिका कानाला नळ्या लावून दाब पाहते ती हीच रीत.

रक्तदाब पाऱ्याच्या उंचीत, मिलिमीटरमध्ये सांगतात. निरोगी तरुण माणसाचा दाब १२० व ८० च्या जवळपास असतो. पहिला आकडा हृदय आकुंचन पावते त्या वेळचा, दुसरा ते सैल होते त्या वेळचा. आठ दहा वर्षांच्या मुलाचा दाब याहून कमी, साधारणपणे १०० व ६० च्या आसपास असतो. पारा रक्ताच्या जवळजवळ १३ पट जड असल्यामुळे १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे सुमारे दीड मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ होतो. प्रौढ माणूस उभा राहिला की त्याचा मेंदू हृदयाच्या वर साधारण ३० सेंटीमीटर असतो. एवढ्या चढासाठी पाऱ्याचे वीस बावीस मिलिमीटर खर्ची पडतात. म्हणजे दंडावर मोजलेला दाब मेंदूपर्यंत पुरता पोचत नाही. चढाची वजावट होऊनच पोचतो.

मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढे. पण विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ सातवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. शिवाय त्याच्यापाशी साठा नाही. रक्तप्रवाह अजिबात थांबला, तर साधारण सहा सात सेकंदांत शुद्ध हरपते. घरात धान्याची कणगी असली म्हणजे बाजार एक दिवस बंद राहिला तरी चालते. रोज आणून रोज खाणाऱ्याचे तसे नसते. मेंदू हा असा रोज आणून रोज खाणारा आहे.

आता हा दाब कशावर अवलंबून असतो? दोन गोष्टींवर: हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते आणि पुढील वाहिन्या त्या रक्ताला किती अडवतात. वाहिन्यांचा हा अडथळा मुख्यतः अत्यंत बारीक अशा सूक्ष्म रोहिण्यांत असतो. त्यांच्या भिंतींत स्नायू असतो. तो आवळला की वाहिनी अरुंद होते. दाब तोच असताना नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून या बारीक वाहिन्या किंचित आवळल्या किंवा किंचित सैल सोडल्या, तरी त्याचा परिणाम मोठा होतो. वाफ्यांना पाणी देताना दारे धरणारा शेतकरी एका वाफ्याचे दार बंद करतो व दुसऱ्याचे उघडतो. सगळी दारे एकदम उघडली, तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही. शरीरात ही दारे धरण्याचे काम मज्जासंस्था करते.

उभे राहताना काय घडते

खाटेवर पडलेला मनुष्य उठून उभा राहतो. या साध्या क्रियेत त्याच्या शरीरातील अर्धा लिटरपेक्षा अधिक रक्त छातीतून खाली उतरून पोट व पाय यांतील नीलांमध्ये साठते. नीला पातळ भिंतीच्या असतात. रबरी फुग्याप्रमाणे त्या फुगतात. हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते, म्हणून हृदय कमी रक्त बाहेर ढकलते आणि दाब घसरतो. ही घसरण झटपट उठल्यावर दहाएक सेकंदांत सर्वांत खोल जाते आणि निरोगी माणसात अर्ध्या मिनिटाच्या आत भरून निघते. घाईने उठल्यावर कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते ती याच काही सेकंदांत. एरवी माणसाला याची वार्ताही नसते.

पहारेकरी

या कामासाठी शरीराने दोन मोक्याच्या जागी पहारे बसवले आहेत. एक जागा मानेत, जबड्याच्या कोनाखाली. येथे मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला फाटा फुटतो व तेथे ती किंचित फुगीर असते. दुसरी जागा हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत. या दोन्ही ठिकाणी रोहिणीच्या भिंतीत मज्जातंतूंची टोके पसरलेली असतात. त्यांना दाबग्राही म्हणतात. खरे पाहता ती टोके ताण ओळखतात. दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि टोके भराभर संदेश पाठवतात. दाब उतरला की भिंत सैल पडते व संदेश विरळ होतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. दाब घसरला म्हणजे हे पहारेकरी ओरड करीत नाहीत, उलट गप्प होतात. रात्री गस्त घालणाऱ्या रखवालदाराची हाळी दर घटकेला ऐकू येते तोवर गाव निश्चिंत झोपतो. हाळी थांबली की जाणता मनुष्य उठून बसतो. त्याचप्रमाणे संदेश विरळ झाले, हीच मेंदूला धोक्याची सूचना असते.

मानेतील पहाऱ्याचे संदेश मस्तिष्कातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी नवव्या जोडीमधून जातात. महारोहिणीच्या कमानीतील संदेश दहाव्या जोडीमधून, म्हणजे व्हेगस मज्जातंतूमधून जातात. दोन्ही पोचतात ते लंबमज्जेत. मेंदूचा हा खालचा, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला जोडलेला भाग. विचार करणाऱ्या मोठ्या मेंदूला या कारभारात विचारले जात नाही. गरम तव्याला हात लागताच तो मागे येतो, तशीच ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे.

लंबमज्जेतून निघणारे हुकूम दोन वाटांनी जातात.

पहिली वाट व्हेगस मज्जातंतूची. हा मज्जातंतू हृदयाचा लगाम आहे. हृदय आपल्या स्वाभाविक गतीवर सोडले तर प्रौढ माणसात ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. व्हेगस त्याला आवरून धरतो म्हणून विश्रांतीत ते सत्तरच्या घरात राहते. दाब घसरताच लंबमज्जा हा लगाम सैल सोडते. एकदोन ठोक्यांच्या आतच हृदयाची गती वाढते.

दुसरी वाट अनुकंपी मज्जातंतूंची. हे तंतू मज्जारज्जूतून निघून हृदयाकडे व सर्व शरीरातील वाहिन्यांकडे जातात. त्यांच्या हुकमाने हृदय अधिक जोराने आकुंचन पावते, सूक्ष्म रोहिण्या आवळतात आणि पोटातील नीला आवळून तेथे साठलेले रक्त हृदयाकडे लोटतात. हा परिणाम दिसण्यास काही सेकंद लागतात. म्हणजे व्हेगस तत्काळ धावून जातो आणि अनुकंपी तंतू मागोमाग येऊन काम पक्के करतात. गरज मोठी असेल, तर मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात सुटते आणि हुकूम अधिक काळ टिकवते.

दाब फार वाढला तर हेच सारे उलट क्रमाने घडते: पहारेकऱ्यांचे संदेश दाट होतात, व्हेगस लगाम खेचतो, अनुकंपी तंतू हात सैल सोडतात आणि दाब उतरतो.

हे ज्ञान कसे मिळाले

हे सर्व एका माणसाला एका दिवसात कळलेले नाही. १८४५ साली जर्मनीतील वेबर बंधूंनी व्हेगस मज्जातंतूला विजेची चेतना दिली की हृदय मंदावते व थांबतेही, असे दाखवले. शरीरातील एखादा मज्जातंतू काम थांबवण्याचाही हुकूम देऊ शकतो, ही कल्पना त्या वेळी नवीन होती. १८५० नंतरच्या काही वर्षांत फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतील अनुकंपी मज्जातंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान लाल व गरम झाला. कापलेल्या तंतूला चेतना दिली की कान पुन्हा फिका व गार होई. वाहिन्यांची दारे धरणारा कोण, हे त्यावरून कळले. १८६६ साली सीऑन व लुडविग यांनी सशातील असा मज्जातंतू शोधून काढला, की ज्याच्या मेंदूकडील टोकाला चेतना दिल्यावर रक्तदाब उतरतो. पहारेकऱ्याकडून मेंदूकडे जाणारी ही वाट होती. मानेतील पहाऱ्याचे कार्य १९२० नंतरच्या दशकात जर्मनीतील हेरिंग यांनी उलगडले. याच दोन जागांचा श्वसनाच्या नियमनाशीही संबंध असतो, हे सिद्ध केल्याबद्दल बेल्जियममधील हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोहिणीचा ताण मज्जातंतूच्या टोकाला नेमका कळतो कसा, याचे उत्तर मात्र बरेच उशिरा मिळाले. त्या टोकांतील पिएझो नावाची दोन प्रथिने हे काम करतात, असे २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

या व्यवस्थेची मर्यादा दाखवणारा एक प्रयोग शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावा. १९७३ साली अमेरिकेत काऊली, लिआर्ड व गायटन यांनी कुत्र्यांतील दाबग्राहींचे मज्जातंतू तोडून त्यांचा रक्तदाब अहोरात्र नोंदवला. दिवसभराची सरासरी जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली. परंतु क्षणाक्षणाचा दाब मात्र खूपच वरखाली होऊ लागला. याचा अर्थ, दिवसांचा व महिन्यांचा हिशेब शरीर दुसऱ्या मार्गाने, मुख्यतः मूत्रपिंडांच्या द्वारे, ठेवते. सेकंदांचा व मिनिटांचा हिशेब मज्जासंस्था ठेवते. म्हणूनच म्हाताऱ्या माणसाचा कायमचा वाढलेला दाब हे पहारेकरी कमी करीत नाहीत. काही दिवस दाब चढाच राहिला की ते त्यालाच नेहमीचा समजू लागतात.

रांगेत उभ्या मुलाचे गणित कोठे चुकते

आता पुन्हा त्या सहावीच्या रांगेकडे वळू.

पायांतील रक्त चढावरून हृदयाकडे आणण्यात पोटऱ्यांच्या स्नायूंचा मोठा वाटा असतो. चालताना हे स्नायू आवळतात, त्यांच्यामधील नीला दाबल्या जातात आणि आतील झडपांमुळे रक्त वरच्याच दिशेने सरकते. ताठ, निश्चल उभ्या असलेल्या मुलाचा हा पंप बंद असतो. जितका वेळ जाईल, तितके रक्त पायांत अधिक साठते आणि त्यातील थोडे पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते. त्यात ऊन, शरीर गार ठेवण्यासाठी कातडीतील वाहिन्या उघडाव्या लागतात. त्यात घामाने व सकाळपासून पाणी न प्यायल्याने रक्तातील द्रव कमी झालेला असतो. इतकी दारे एका वेळी उघडी पडल्यावर मज्जासंस्था एका बाजूने आवळून, एका बाजूने हृदय पळवून बराच वेळ गाडा ओढते. त्या वेळी मुलाला जांभया येतात, मळमळते, कानांत आवाज येतो, दृष्टी अंधुक होते, घाम सुटतो, चेहरा पांढरा पडतो.

याच्या पुढे काही मुलांत एक विपरीत गोष्ट घडते. आतापर्यंत आवळून धरणारे अनुकंपी तंतू एकदम हात सोडतात आणि सैल सोडलेला व्हेगसचा लगाम एकदम घट्ट खेचला जातो. वाहिन्या सैलावतात, हृदय मंदावते, दाब कोसळतो, मेंदूला रक्त मिळत नाही आणि मूल पडते. इंग्लंडमधील सर टॉमस लुईस यांनी १९३२ साली या मूर्च्छेच्या नावात वाहिन्या व व्हेगस या दोहोंचा उल्लेख केला, तो यासाठीच. हीच मूर्च्छा रक्त पाहून, सुईच्या भीतीने किंवा तीव्र वेदनेनेही येते. शाळेत दहाव्या वर्षाची धनुर्वात व घटसर्पाची लस देताना एखादे मूल भोवळ येऊन पडते, ते लसीच्या दोषाने नव्हे. पुष्कळदा याच कारणाने.

आणि पडल्याबरोबर काय होते? मेंदू व हृदय एका पातळीवर येतात. चढ नाहीसा होतो. पायांतील रक्त विनासायास हृदयाकडे परत येते. थोड्याच वेळात, बहुधा एका मिनिटाच्या आत, शुद्ध परत येते. पडणे हाच या मूर्च्छेवरचा उपाय आहे आणि तो शरीर स्वतःच करून घेते. ज्या मुलाला पडूच दिले जात नाही, दोन्ही बाजूंनी धरून उभे ठेवले जाते किंवा खुर्चीत ताठ बसवले जाते, त्याच्या मेंदूला तो उपाय मिळत नाही. त्याची मूर्च्छा लांबते, झटके येऊ शकतात आणि प्रसंग खरोखरच धोक्याचा होतो.

शिक्षकाने काय करावे

१. मूल पडत असेल तर त्याचे डोके आपटू नये एवढ्यापुरता आधार द्यावा आणि त्याला हळूच जमिनीवर उताणे निजवावे. श्वास चालू असल्याची खात्री करून घ्यावी. पाय दप्तरावर किंवा हातांनी हातभर उंच धरावे. सावली जवळ असेल तर आडवेच उचलून न्यावे. उभे करून चालवू नये.

२. गळ्याजवळचे बटण व कमरेचा पट्टा सैल करावा. भोवतीची गर्दी हटवावी. वाऱ्यासाठी पुठ्ठ्याने वारा घालावा.

३. शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी, साखर किंवा औषध काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही साधत नाही, वेळ मात्र जातो. उलटी होऊ लागली तर मुलास कुशीवर वळवावे.

४. हातापायांना दोन चार क्षण झटके आले तरी घाबरून जाऊ नये. मेंदूला रक्त कमी पडल्यानेही असे होते. त्यावरून मुलाला फेफरे आहे असा शिक्का मारू नये. दातांमध्ये चमचा खुपसू नये. झटके पाच मिनिटांच्या पुढे चालू राहिले, तर मात्र ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

५. शुद्ध आल्यावर दहा पंधरा मिनिटे निजूनच राहू द्यावे. मग बसवावे, पाणी व खाऊ द्यावा आणि नंतरच उभे करावे. लगेच उठवलेले मूल पुष्कळदा पुन्हा पडते.

६. जांभया, फिकेपणा व घाम ही पूर्वचिन्हे दिसताच मुलाला तेथेच खाली बसण्यास सांगावे. आडवे होणे सर्वांत उत्तम. तेवढी सोय नसेल, तर खेड्यातील मूल सहज बसते तसे उकिडवे बसावे. मांड्या व पोट दाबले जाऊन रक्त हृदयाकडे लोटले जाते. उभेच राहावे लागले तर पायांची कात्री करून मांड्या आवळाव्या व मुठी घट्ट मिटाव्या.

उपचारापेक्षा प्रतिबंध सोपा आहे. झेंडावंदनास व सहलीस येणाऱ्या मुलांनी न्याहारी करून व पाणी पिऊन यावे, अशी सूचना आदल्या दिवशी द्यावी. भाषणे मुलांना बसवून ऐकवावी. ‘सावधान’ व ‘विश्राम’ यांत आलटापालट ठेवावी आणि उभ्या मुलांना टाचा उचलण्यास, पावले हलवण्यास मोकळीक असावी. लस टोचून घेताना मूल बसलेले किंवा निजलेले असावे व नंतर पंधरा मिनिटे तेथेच बसवून ठेवावे. उन्हात उभे करण्याची शिक्षा तर मनातही आणू नये. शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केलीच आहे. परंतु कायदा नसता तरी वरील विवेचन कळलेल्या शिक्षकाचा हात त्या शिक्षेसाठी उठला नसता.

कोणत्या मुलास डॉक्टरांकडे पाठवावे

साधी मूर्च्छा निरुपद्रवी असली तरी प्रत्येक मूर्च्छा साधी नसते. हा भेद करणे शिक्षकाच्या हाती आहे, कारण घटना त्याच्या डोळ्यांसमोर घडते. डॉक्टर ती पाहत नाही. उभे असताना, पूर्वचिन्हे दिसून आलेली मूर्च्छा बहुधा साधी असते. परंतु मूल धावताना किंवा खेळाच्या भरात पडले, निजलेले असताना बेशुद्ध झाले, पडण्यापूर्वी छातीत दुखले किंवा धडधडले, काहीही पूर्वसूचना न मिळता धाडकन पडले, अथवा त्याच्या घरात कोणी तरुण वयात अचानक मृत्यू पावले असेल, तर हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. अशा मुलास खेळू न देता पालकांसह रुग्णालयात पाठवावे. वारंवार भोवळ येणाऱ्या मुलास आरोग्यपथकाकडून तपासून घ्यावे. शुद्ध दोन चार मिनिटांत परतली नाही, तर वाट पाहत बसू नये; श्वासच थांबला असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता छाती दाबण्याचा प्रथमोपचार सुरू करावा व रुग्णवाहिका बोलवावी. उन्हात पडलेल्या मुलाचे अंग चटका बसावा इतके तापलेले असेल आणि ते बरळत असेल, तर तो उष्माघात होय. अंगावर पाणी ओतून, वारा घालून त्याला तत्काळ थंड करावे व विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

पडण्यापूर्वी मूल काय करीत होते, चेहऱ्याचा रंग कसा होता, किती वेळाने शुद्ध आली, ही चार वाक्ये शिक्षकाने त्याच दिवशी लिहून पालकांजवळ द्यावी. डॉक्टरांना निदान करण्यास ती फार उपयोगी पडतात.

वर्गातील पाठ

हा विषय पाठ्यपुस्तकातील रक्ताभिसरणाच्या पाठाला सहज जोडता येतो आणि त्यास घड्याळाशिवाय कोणतेही साहित्य लागत नाही. मुलांच्या जोड्या कराव्या. एकाने सतरंजीवर पाच मिनिटे शांत निजावे. दुसऱ्याने अंगठ्याच्या बाजूस मनगटावर तीन बोटे ठेवून १५ सेकंदांतील ठोके मोजावे व चारने गुणावे. मग निजलेल्याने उभे राहावे आणि लगेच पहिल्या १५ सेकंदांतील ठोके पुन्हा मोजावे. दोन मिनिटांनी आणखी एकदा मोजावे. तिन्ही आकडे फळ्यावर मांडले म्हणजे उभे राहताच नाडी वेगवान झाल्याचे व नंतर काहीशी स्थिरावल्याचे बहुतेक मुलांत दिसेल. व्हेगसचा लगाम सैल झाल्याचा हा पुरावा मुले स्वतःच्या बोटांखाली अनुभवतात. ज्यास भोवळ वाटेल त्याने लगेच खाली बसावे. नाडी मनगटावरच पाहावी. मानेतील रोहिणी दाबून पाहण्याचा खेळ मुलांस कधीही करू देऊ नये. तेथील पहारेकरी बाहेरून दाबला गेला, तर दाब फार वाढला असा त्याचा समज होतो, हृदय एकाएकी मंदावते आणि मेंदूकडे जाणारे रक्तही अडते.

मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा: जिराफाचा मेंदू हृदयाच्या इतका उंच असतो, तर त्याचा रक्तदाब किती असावा? तो माणसाच्या साधारण दुप्पट असतो, हे उत्तर मुलांनी उंचीच्या हिशेबाने स्वतः सुचवले, तर पाठ सफल झाला असे समजावे.

शेवटी एवढेच. ती सहावीतील मुलगी सोंग करीत नव्हती, तिला कशाची बाधा झालेली नव्हती आणि ती दुबळी होती असेही नव्हे. उपाशीपोटी, उन्हात, न हलता, मोठ्यांच्या शब्दाचा मान राखून ती उभी होती. तिच्या मज्जासंस्थेने जमेल तितका वेळ तिला उभे ठेवले आणि जमेनासे झाले तेव्हा तिला मातेच्या मायेने जमिनीवर निजवले. शुद्धीवर येऊन तिने डोळे उघडले म्हणजे तिला भोवती हसणारी तोंडे दिसावी, की शेजारी मांडी घालून शांत बसलेले आपले गुरुजी किंवा बाई दिसाव्या, हे शाळेने ठरवायचे आहे. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत ताठ मानेने यावी की तोंड लपवून यावी, तेही बहुतांशी यावरच ठरते.